मुकादमाचे उंच वाफे

नगरपालिकेच्या उद्यान खात्यात मुकादमाला मुकादम म्हणणारे फक्त साहेब लोक. बाकी सगळ्यांचा तो मामा. त्याची थोरली बहीण उतारावरच्या गल्लीत राहायची. तिची मुलं त्याला मामा म्हणायची, म्हणून शेजारची मुलं म्हणायला लागली, आणि बघता बघता त्या मुलांचे बापही म्हणायला लागले. केस पिकले, जाड भिंगांचा चष्मा लागला, निवृत्ती जवळ आली, तरी बहिणीच्या तोंडी मात्र तो बारक्याच. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, हात धरून शाळेत सोडलं, आणि शाळेत याचं डोकं चालत नाही हे बघून नर्सरीत कामाला लावलं. त्यामुळे साऱ्या जगात मुकादम भ्यायचा तो एकाच बाईला, आणि शाबासकीसाठी जीव टाकायचा तोही तिच्याच.

आता माणसाला कसला ना कसला तोरा असतोच. मुकादमाचा तोरा म्हणजे त्याचा वाफा. मधे फुगलेला, कडेला उतरता, कासवाच्या पाठीसारखा. माती अशी चाळलेली की खडा सापडेल तर शपथ. वर फुलांच्या रांगा, दोरी लावून. चौकातलं वर्तुळ असो की साहेबांच्या बंगल्यासमोरची पट्टी, लोक लांबूनच सांगायचे, हे मामांच्या हातचं. बाग वर असते आणि गटार खाली, इतका त्याचा सरळ हिशेब होता. हे ज्याला कळत नाही त्याने खुरप्याला हात लावू नये, असं तो नव्या माळ्यांना येताजाता सुनवायचा.

बहिणीचं घर गल्लीच्या अगदी तळाशी. जोराचा पाऊस झाला की वरच्या मोठ्या रस्त्याचं पाणी गल्लीतून धावत खाली यायचं. गल्लीच्या वरच्या तोंडाशी एक उघडं गटार होतं, ते जमेल तेवढं गिळायचं आणि उरलेलं खालच्यांच्या घरात पाठवायचं. बहिणीने पलंगाचे पाय कायमचे लाकडी ठोकळ्यांवर चढवले होते. शिवणाचं मशीनही तसंच. मशीनपुढे बसताना तिलाच उंच स्टूल घ्यावं लागायचं, आणि मग ती म्हणायची, "बघा, पालिकेने मला सिंहासन दिलंय."

म्हणून नवीन आराखडा आला तेव्हा सगळ्यांत जास्त हरखला तो मुकादमच. नियोजन खात्यात एक इंजिनिअर मुलगी नव्याने आली होती. तिचं म्हणणं असं, की पाणी पळवून लावत बसायचं नाही, त्याला वाटेत जागोजाग बसायला जागा द्यायची. शहराबाहेर शेतांमधून येणारा जो ओढा होता, त्यावर भराव टाकून घरं बांधायचा बेत काही लोकांनी केला होता. तो हाणून पाडून ओढा उघडा ठेवायचा, काठाने झाडांचा पट्टा राखायचा. आणि खाली शहरात, रस्त्याच्या कडेला खोलगट वाफे करायचे. रस्त्याचं पाणी त्यात उतरेल, थांबेल, मुरेल. कागदावर याचं नाव होतं हरित पायाभूत सुविधा प्रकल्प. बोर्ड रंगवणाऱ्याला ते लिहिताना शिडी सरकवावी लागली. लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं खड्डे.

गल्लीच्या तोंडाचं जुनं गटार बुजवूनच हे वाफे करायचे होते, कारण दुसरी जागाच नव्हती. म्हणजे वाफ्यांनी काम केलं तर गल्ली तरली, नाहीतर गेली. मुकादमाला हे ठाऊक होतं. तरी तो ऐटीत बहिणीकडे जाऊन म्हणाला, "ताई, यंदा तुझ्या घरात पाण्याचा थेंब येणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तू म्हणतोस ना, मग झालं," बहीण म्हणाली, आणि खरंच पलंगाखालचे ठोकळे तिने काढून टाकले. मशीनही खाली जमिनीवर आलं.

वाफे खणून झाले तेव्हा इंजिनिअर मुलीने मुकादमाला बोलावलं. पँटला चिखल लागेल याची पर्वा न करता ती कडेला उकिडवी बसली आणि हाताने मापून दाखवू लागली. "मामा, हे बघा. वाफा रस्त्यापेक्षा एवढा खालीच राहायला हवा. वर माती टाकायची नाही. आणि फुटपाथच्या कडेच्या दगडांत मधे मधे फट सोडलीय ना, ही वाफ्याची तोंडं. पाणी इथूनच आत येणार. ही बुजली की सगळं मुसळ केरात."

"हो मॅडम," मुकादम म्हणाला. नोकरीत मुरलेल्या माणसाच्या 'हो मॅडम'ला काय किंमत असते हे सांगायला नको. ते कानावरून जातं, पुढे सरकत नाही. त्याचं लक्ष होतं तिने आणवलेल्या रोपांकडे. लव्हाळा, वाळा, कर्दळ, आणि कसलं कसलं गवत. गवत उपटण्यात ज्याची हयात गेली त्याला गवत लावायला सांगायचं, म्हणजे थट्टाच झाली की. तरी लावलं बिचाऱ्याने, नाक मुरडत.

मग त्या मुलीच्या वडिलांना अचानक हृदयाचा त्रास झाला. दूरच्या शहरात त्यांचं ऑपरेशन होतं. ती घाईघाईने रजा टाकून गेली. जाताना मुकादमाला म्हणाली, "मामा, तुमच्या भरवशावर सोडून चाललेय." दवाखान्यातून फोन करून विचारायची, वाफे ठीक आहेत ना. मुकादम म्हणायचा, "तुम्ही बाबांकडे बघा. इथे मी आहे."

तो होताच, आणि तेच महागात पडलं. कारण मधल्या काळात उद्घाटन ठरलं. नगराध्यक्ष येऊन बघून गेले आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "जरा छान दिसू द्या, फोटो निघतील." बस, एवढंच. बाकीचं काम येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जिभांनी केलं. कुणी विचारलं, मामा, यात कुणाला पुरायचंय? कुणी म्हणालं, मामा म्हातारे झाले, आता वाफा वर येत नाही. मुकादम हसण्यावारी न्यायचा, पण रात्री त्याला घास गोड लागायचा नाही. शेवटी एकदा बहीण भाजी घेऊन जाता जाता थांबली. वाफ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "बारक्या, हे तुझ्या हातचं आहे असं मी कुणाला सांगत नाही रे. लाज वाटते."

दुसऱ्याच दिवशी मातीचे ट्रक आले.

खत मिसळलेली, चाळलेली, लोण्यासारखी माती. गवत उपटून फेकलं. वाफे भरले, फुगवले, थापटले, वर रंगीत फुलझाडं दोरी लावून. चांगलं गुडघाभर उंच काम झालं, आणि कितीतरी दिवसांनी मुकादमाच्या अंगात चैतन्य आलं. राहिल्या त्या कडेच्या फटी. रस्त्याची घाण त्यातून आपल्या रोपांवर येणार, म्हणून त्याने गवंड्याला बोलावून सांगितलं, विटा घालून बुजवून टाक.

गवंडी घुटमळला. "मामा, मॅडमनी मुद्दाम ठेवल्यात ना या?"

"मॅडमना फुलझाडांतलं काय कळतं? तू बुजव."

त्याने बुजवल्या. वरून गिलावा केला, आणि सगळ्या कडेला काळापिवळा रंग मारला. शोधूनही फट सापडली नसती. उद्घाटनाला बहीण ठेवणीतली साडी नेसून पुढे उभी होती आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगत होती, माझ्या भावाने केलंय. फोटोत फुलांपेक्षा मुकादमच जास्त फुललेला दिसत होता.

पाऊस त्यानंतर थोड्याच दिवसांनी झाला, भर दुपारी, आणि चांगला दणकून झाला. मुकादम तेव्हा नर्सरीच्या शेडमध्ये चहा पीत होता. पाऊस रोपांना मानवेल, असं त्याच्या मनात आलं. ओसरल्यावर छत्री घेऊन तो कौतुकाने वाफे बघायला गेला आणि गल्लीच्या तोंडाशी जागच्या जागी थांबला. मोठ्या रस्त्याचं गढूळ पाणी त्या रंगवलेल्या कडेला घासत घासत वाहत होतं. आत शिरायला जागा शोधत होतं म्हणा ना. एकही तोंड उघडं नव्हतं. वर त्याचे वाफे ऐटीत बसले होते, फुलं टवटवीत, पायाशी रस्त्याचं पाणी नाही. जुनं गटारही आता नव्हतं. सगळाच्या सगळा लोंढा वळून गल्लीत उतरत होता, पूर्वी कधी उतरला नव्हता इतका.

मुकादमाला त्या क्षणी सगळं कळलं. कळायला अक्कल फारशी लागत नव्हती. त्या मुलीने हाताने मापून दाखवलेलं, तिचा शब्द न् शब्द आठवला, आणि त्याचे कान तापले. आधी त्याने काय केलं तर इकडेतिकडे बघितलं, गवंडी आसपास आहे का ते. स्वतःच्या या बघण्याची त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

बहिणीच्या घरात पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. गादी भिजून फुगली होती. जमिनीवर उतरवलेल्या मशीनची मोटर पाण्याखाली गेली होती. गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे दारातून बाहेर तरंगत निघाले होते आणि भाचा ते काठीने अडवत होता. बहिणीने त्याच्या हातात बादली दिली. दोघं उपसायला लागली.

"बुडवलं आपल्याला त्या पोरीने," बहीण म्हणाली. "तुझ्या शब्दावर मी सगळं खाली उतरवलं. पण तुझा तरी काय दोष? तू फुलं लावलीस, बाकी सगळं तिने सांगितलं तसं केलंस."

"हं," मुकादम म्हणाला.

एवढंच म्हणाला. 'हो' नाही, 'नाही' नाही, नुसतं 'हं'. पण खोटं बोलायला तेवढं पुरतं.

मुलगी तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत आली ती सरळ गल्लीत. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. आधी तिने वाफ्यातल्या फुगलेल्या मातीत हात खुपसून बघितला. मग तिने मुकादमाला विचारलं, "मामा, माती कुणी टाकली?"

"कार्यक्रमासाठी, मॅडम. वरूनच सांगणं आलं होतं." जीभ अशी सहज वळली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

वरून म्हणजे नगराध्यक्ष, असं तिने धरलं. फटींचं ती विचारणार तेवढ्यात खालून बहीण आली. मागे सगळी गल्ली. बहीण बोलायला लागली आणि कुणाची तिला थांबवायची छाती झाली नाही. कागदावर रेघा मारून लोकांचे संसार बुडवतेस, म्हणाली. पगार आमच्या पैशाने घेतेस, म्हणाली. "आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कुठे होतीस गं तू?"

"वडिलांजवळ होते," मुलगी म्हणाली.

"मग तिथेच राहायचंस."

मुलीचा चेहरा पडला. मुकादम बहिणीच्या शेजारी उभा होता, हातात फावडं. आता बोलायचं, आता, असं तो मनाशी म्हणत राहिला, आणि तोवर ती मुलगी स्कूटरला किल्ली लावून निघूनही गेली. त्या दिवशी घरी बायकोने जेवायला वाढलं तर याने ताट बाजूला सारलं. पोट बिघडलंय म्हणाला. बायकोने ओव्याचं पाणी दिलं.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. गल्लीची मागणी साधी होती. वाफे उखडा, सगळीकडे काँक्रीट ओता, आणि या बाईला हटवा. ओढ्याकाठच्या जमिनीवर डोळा असलेले दोघं-तिघं पहिल्या रांगेत येऊन बसले होते. हे शहरात फसलं तर तिकडचं झाडांचं खूळही बंद करा, असं ते मोठ्या कळकळीने सांगत होते. नगराध्यक्षांनी मान हलवायला सुरुवात केली होती. मुकादमाला दिसत होतं, आता काँक्रीट ओतलं की ओढाही जाणार, आणि मग शेतांचं आणि शहराचं सगळं पाणी मोठ्या रस्त्यावरून कायमचं बहिणीच्या उंबऱ्याशी येणार.

इंजिनिअर मुलगी उठली. "काम माझं होतं. मी असायला हवं होतं, नव्हते. जबाबदारी माझी आहे. पण वाफे काढू नका, एवढी विनंती आहे."

"खाली बस," मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा मुकादम उठला. समोरच्या खुर्चीची पाठ धरून तो म्हणाला, "त्यांचं काही चुकलेलं नाही. माती मी टाकली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कडेच्या फटीही मीच बुजवल्या. मॅडमनी नको म्हणून बजावलं होतं."

आता शिव्या येणार, चपला येणार, म्हणून त्याने मान खाली घातली. आणि आलं काय, तर बहिणीचा आवाज. "बस खाली, बारक्या. लोकहो, मनावर घेऊ नका. हा लहानपणापासून असाच आहे. दुसऱ्याचा मार स्वतःच्या पाठीवर घेतो. पोरीची दया आली असेल त्याला."

लोकांचे चेहरे सैल झाले. एकाने टाळी वाजवली, मग पुष्कळांनी वाजवल्या. "मोठं मन आहे मामांचं," कुणी म्हणालं. नगराध्यक्ष तर म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. मुकादम ऐकत राहिला. मार खाल्ला असता तर सोसलं असतं त्याने, पण हे कौतुक त्याला उभं जाळत होतं. त्याने त्या मुलीकडे बघितलं. ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती. तिला सगळं समजलं होतं.

मग तो रांगेतून बाहेर पडला. मामांना वाईट वाटलं, म्हणत लोक मागोमाग आले. तो सरळ गल्लीच्या तोंडाशी गेला, औजारांच्या गाड्यावरची पहार उचलली आणि काळ्यापिवळ्या कडेवर घातली. गिलाव्याचा पोपडा उडाला. आतून लाल विटा दिसल्या. त्याने एक वीट उचकटली, दुसरी उचकटली. वरची माती भसकन त्या फटीतून रस्त्यावर आली, फुलझाडांसकट.

"ताई, ही बघ," तो म्हणाला. "पाण्याची वाट. मी चिणली ही."

गवंडी गर्दीत होता. त्याने घसा खाकरला. "मीच बसवल्या विटा. मामांनी सांगितलं म्हणून. मी विचारलंही होतं."

आता टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले. बहीण पुढे आली. वाकून त्या फटीत बघितलं. रस्त्याकडून आत, आतून रस्त्याकडे. मग उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, "पाणी उपसत होतो तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"मी हिला इथे अडवलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"म्हणजे मी बोलले ते सगळं तुझ्या वाट्याचं होतं," बहीण म्हणाली. "परक्याच्या पोरीने ते उभ्याने ऐकून घेतलं. आणि तू माझ्या शेजारी उभा राहून माझ्या तोंडून ते तिला ऐकवलंस."

बहिणीने त्याच्याकडे पाठ केली. इंजिनिअर मुलीपुढे जाऊन ती उभी राहिली. म्हणाली, "बाई गं, मी तिथेच राहा म्हणाले तुला. ते काही परत घेता येत नाही मला."

मुलीने डोळे पुसले. "काकू, आभाळ भरलंय. बाकीची तोंडं आजच उघडायला हवीत."

कुणी घरातून फावडं आणलं, कुणी कुदळ, कुणी नुसती बादली. सभा तशीच राहिली. नगराध्यक्ष थोडा वेळ थांबून, बघू, म्हणून गेले. वाफ्यातली माती खाली उतरवायची तर घमेली हातोहात द्यायला हवी होती. म्हणून लोक ओळीने उभे राहिले. बहिणीनेही पदर खोचला, आणि रांगेत रिकामी जागा होती ती नेमकी मुकादमाशेजारी.

तो वाफ्यात उभा राहून आपलीच माती उपसत होता. घमेलं भरून पुढे करायचा. ती घ्यायची, पुढच्याकडे द्यायची, आणि रिकामं परत त्याच्या पायाशी ठेवायची. सगळं वेळच्या वेळी, नीट. एकदा भराभर उपसताना माती तिच्या पायावर सांडली. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, बारक्या, डोळे कुठे आहेत तुझे. तो थांबला, वाट बघत. तिने पाय झटकला, आणि पुढच्या घमेल्यासाठी हात पुढे केले.